शेवटच्या प्रकरणाची जागा

भिवा छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा नानाने मान वर न करता उजवा हात पुढे केला. रोजचंच होतं ते. दुपारच्या सुट्टीत भिवा फोर्टातल्या संस्थेतून निघायचा, ट्रामने गिरगावात यायचा आणि बकुळाने सकाळपासून लिहिलेली पानं नानाच्या हातात ठेवायचा. मग नाना ती पानं समोर अडकवून शिशाचे अक्षरांचे खिळे उचलायला लागायचा. बायकोने लिहायचं आणि नवऱ्याने जुळवायचं, असं गेलं वर्षभर चाललं होतं.

हात तसाच रिकामा राहिला.

"काय भिवाकाका, झोपलात काय उभ्या उभ्या?" नाना म्हणाला.

नानाने वर पाहिलं. भिवाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"बाईंना इस्पितळात नेलंय."

"कधी?"

"मघाशी. टेबलावर मान टाकलेली. कात्री हातात तशीच. मला वाटलं वाचतायत काहीतरी."

"मग आता कशी आहे?"

भिवा टोपी हातात फिरवत राहिला. गल्ल्यावरून छापखान्याचे मालक अण्णा उठले. त्यांनी भिवाकडे एकदा पाहिलं आणि त्यांना कळलं.

"नाना, जा तू. आधी जा. मशीनवाल्याला मी सांगतो. भिवा, टॅक्सी बघ रे."

नाना निघाला तसाच निघाला. डाव्या हातात जुळणीची स्टिक होती, तीत अर्धी ओळ होती. ओळ पुरी होईपर्यंत शेवटच्या खिळ्यावर अंगठा दाबून धरावा लागतो, नाहीतर सगळे खिळे कलंडतात. पंचवीस वर्षं तो अंगठा असा दाबत आला होता. टॅक्सीत तो दाबलेला होता, इस्पितळाच्या जिन्यात दाबलेला होता. डॉक्टर म्हणाले, "झडप आधीच अगदी अरुंद झाली होती, त्यांना त्रास झाला नसावा," तेव्हा नानाने मान हलवली, आणि अंगठा तसाच होता.

नर्सने बकुळाचा चष्मा, पर्स आणि पदराची पिन एका रुमालात बांधून आणली.

"दोन्ही हातांनी धरा. चष्मा पडेल."

नानाने एकच हात पुढे केला. नर्सने त्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"ओळ आहे," नाना म्हणाला. "अर्धी."

*

बकुळा परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करायची असं नायगावच्या चाळीत कुणाला सांगितलं तर त्याला ते खरं वाटत नसे. नानालाही लग्नाच्या वेळी नीट कळलं नव्हतं. "मुलगी कॉलेजात जाते," एवढंच त्याला सांगितलं होतं.

तिचे वडील रामजी रंगूनच्या बंदरात बॉयलरवर होते. बेचाळीस साली जपानी बाँब पडत असताना तिथले हिंदी लोक पायी निघाले, त्यात रामजीही निघाले. महिनोन् महिने चालून नायगावला आले तेव्हा चंपाने त्यांना ओळखलं नव्हतं. ती तर भिंतीपलीकडची शेजारीण. त्यानंतर ते तीनच वर्षं जगले. त्या तीन वर्षांत ते रोज संध्याकाळी गॅलरीत बसून त्या वाटेबद्दल बोलायचे. कुठल्या गावाने पाणी दिलं, कुठल्या गावाने दार लावून घेतलं, कुठे नदी ओलांडायचे पैसे मागितले. चाळीतली माणसं ऐकून ऐकून कंटाळली. बकुळा कंटाळली नाही. तिला एकच प्रश्न पडला होता. ज्यांच्या शेजारी पन्नास वर्षं राहिलो, ते एका महिन्यात परके कसे झाले?

एवढ्या प्रश्नावर तिने बी. ए. केलं. बाबासाहेबांचं कॉलेज फोर्टात नवीनच निघालं होतं. मग एम. ए. केलं. लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली होती. जिने चढू नका, मूल होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मूल तिने होऊ दिलं नाही. जिने मात्र चढली.

शेजारच्या देशांचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत ती आधी कात्रणं कापायला लागली. रंगून, कोलंबो, काठमांडूची वर्तमानपत्रं टपालाने यायची. रंगूनची बोटीने येत, त्यामुळे ती तीन तीन आठवडे शिळी असत. ती वाचून, कापून, खळ लावून चिकटवायची. दोन वर्षांत संचालकांच्या लक्षात आलं की बाई नुसत्या कापत नाहीत. मग ते तिच्याकडून टिपणं मागायला लागले. टिपणांचे अहवाल झाले. अहवाल दिल्लीला गेले, परिषदांना गेले. त्यांवर संस्थेचं नाव असे. बकुळा कुठेच गेली नाही. पंचावन्न साली रंगूनचं बोलावणं आलं होतं, तर डॉक्टरांनी समुद्रप्रवासाला नाही म्हटलं. त्या दिवशी ती घरी आली, चहा केला आणि म्हणाली, "जाऊ दे. बातमी बोटीनं येतेच आहे घरपोच."

तिची अभ्यासाची एक रीत होती. कुठलाही मंत्री मैत्रीचं भाषण करो, ती ते कापून ठेवायची आणि रविवारी शिवडीच्या गोदामांकडे जायची. तिथे तिच्या वडलांचे जुने सोबती बुधाजी मुकादम होते. रंगूनचा तांदूळ उतरला का, किती उतरला, पोती कसली होती, हे ती त्यांना विचारायची. नाना बरोबर असायचा, कारण जाताना आणि येताना तिला मध्येच बसावं लागे.

"बाय, तू रेशनिंग इन्स्पेक्टर झालीस काय ग?" बुधाजी विचारायचे.

"नाही हो तात्या, मी परराष्ट्र खातं."

"मग त्या खात्याला सांग, तांदळात खडे लई येतात."

ती खडेही लिहून घ्यायची.

एकदा लालबागच्या मैदानावर समितीच्या सभेआधी तिला दहा मिनिटं बोलायला दिली होती. शेजारी देश या विषयावर. गिरणीतली माणसं पुढे बसलेली. तिने सुरुवातच केली, "तुमच्या ताटात काल जो भात होता तो कुठून आला?" मग दहा मिनिटांची पंचवीस झाली. शेवटी एकाने उठून विचारलं, "बाई, तिकडं मुंबई कुणाला द्यायची यावरनं भांडण हाय काय?" मैदान हसलं. बकुळाही हसली. "तिकडं प्रत्येक डोंगराला आपलं राज्य हवंय, प्रत्येक डोंगरावर मुंबई आहे," ती म्हणाली. पुढच्या वक्त्याला नंतर कुणी नीट ऐकलं नाही.

घरी येताना चंपाने तिला धरलं. "मला येक सांग बकुळा, ते दिल्लीवाल्यांचं चीनसंगतीचं पंचशील आन आता आपण घेतलं ते पंचशील येकच काय ग?"

"नाव एक. पाळायला दोन्ही अवघड."

पुस्तक मराठीत लिहायचं तिने ठरवलं तेव्हा संचालक म्हणाले होते, "बकुळाबाई, हे मराठीत वाचणार कोण?" ती म्हणाली, "साहेब, राज्य मराठीत चालावं म्हणून माणसं गोळ्या खातायत. मग शेजाऱ्यांबद्दल त्यांना कुणी मराठीत सांगायचं?" संचालक चांगला माणूस होता. त्याने भिवाला रोज दुपारी गिरगावात जायची परवानगी दिली.

पुस्तकाचं नाव 'शेजारची राज्ये'. कागद तिने आधीच आणून अण्णांच्या माळ्यावर ठेवला होता. पहिले फर्मे, म्हणजे एका वेळी मशीनवर चढणारे पानांचे गट, छापूनही झाले. पण ब्रह्मदेशाचं मॅटर, म्हणजे जुळवून बांधून ठेवलेला खिळ्यांचा मजकूर, महिनोन् महिने उभं होतं. छापायला घ्यावं तर बकुळाचा निरोप यायचा, थांबा, तिकडं बदललं. जूनमध्ये तिथले पंतप्रधान वर्षभरासाठी बाजूला झाले आणि दुसरे आले, तेव्हा नानाने तीन पानं मोडून पुन्हा जुळवली.

"नाना," अण्णा म्हणाले होते, "तुझ्या बायकोच्या पुस्तकात पंतप्रधान टिकत नाहीत रे. एखादा कायमचा बघ म्हणावं."

संध्याकाळी ती विचारायची, "आज दिलेलं वाचलंत का?"

"जुळवलं."

"जुळवलंत. वाचलंत का, विचारते."

नाना हसायचा. खिळ्यांवर अक्षर उलटं असतं. कंपोझिटर दोन शब्द डोळ्यांत घेतो, हाताने उचलतो, पुढचे दोन घेतो. अर्थाच्या मागे लागला तर दिवसाला पान होत नाही. पुस्तक बांधून आलं की एकदम वाचू, असं त्याने ठरवलं होतं.

*

बाबासाहेब जाऊन महिना झाला होता. चाळीतल्या सगळ्यांनी डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर दीक्षा घेतली होती. जुने देव गोणत्यात बांधून खाडीत सोडले होते. जुने विधी सोडले होते. त्यानंतर चाळीतलं पहिलं मरण बकुळाचं झालं.

दहन झालं. बुधाजींनी त्रिशरण म्हटलं, चुकत चुकत. सगळे मागून म्हणाले. मग परत येऊन माणसं गॅलरीत बसली आणि पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दहावं न्हाई करायचं," बुधाजी म्हणाले. "पिंड न्हाई, कावळा न्हाई."

"ते समजलं तात्या," चंपा म्हणाली. "न्हाई काय करायचं ते समजलं. काय करायचं ते सांगा. माणूस गेलंय, कायतरी नको काय तिच्या नावानं?"

"मी दादरला विचारून येतो."

बुधाजी दादरला गेले. तिथेही माणसं गोंधळलेली होती. कुणी म्हणालं वंदना म्हणा, कुणी म्हणालं काहीच करू नका, मनात ठेवा. बुधाजी तसेच परत आले.

नाना खोलीत बसून होता. स्टिक त्याने पहिल्या रात्री फळीवर ठेवली होती, अंगठा काढण्याआधी ओळीच्या टोकाला बारीक चिंधी घट्ट कोंबून. तिच्या शेजारी बकुळाचा चष्मा. माणसं येत होती, बसत होती, जात होती. बकुळा असती तर तिला विचारता आलं असतं, असं दोघातिघांनी बोलून दाखवलं. ते खरं होतं. असलं काही अडलं की चाळ तिलाच विचारायची.

सातवा दिवस आला तसा गेला. आठव्या दिवशी नाना स्टिक घेऊन कामावर गेला. बकुळाचं शेवटचं पान अजून केसवर, म्हणजे खिळ्यांच्या घरांच्या लाकडी पेटीवर, अडकवलेलं होतं. त्याने चिंधी काढली, अंगठा ठेवला आणि अर्धी राहिलेली ओळ पुरी केली. मग पुढची. संध्याकाळपर्यंत ते पान संपलं आणि प्रकरणही संपलं. त्यापुढे पान नव्हतं.

*

"तुला घाई करायची माझी इच्छा नाही," अण्णा म्हणाले. "पण निवडणूक आली. समितीची पत्रकं, सगळ्या वॉर्डांच्या मतदारांच्या चिठ्ठ्या. माझ्याकडे खिळे आहेत तेवढेच आहेत. अर्धे तुझ्या बायकोच्या पुस्तकात अडकलेत."

"ठाऊक आहे अण्णा."

"शेवटचं प्रकरण लिहिलेलं कुठे आहे का बघ. असेल तर रातोरात जुळवू, छापू, खिळे मोकळे करू. नसेल तर..." अण्णा थांबले. "नसेल तर मॅटर सोडावं लागेल. मी आणखी काय सांगू?"

मॅटर सोडायचं म्हणजे एक एक खिळा उचलून परत केसच्या घरात टाकायचा. वर्षभर जुळवलेलं दोन दिवसांत नाहीसं होतं.

नाना फोर्टात गेला. संस्थेत बकुळाचं टेबल तसंच होतं. कात्री, खळीची वाटी, ब्रश वाळून कडक झालेला. आणि वर्तमानपत्रांचे दोन नवे गठ्ठे, सुतळी न सोडलेले.

"रंगूनचे हायत," भिवा म्हणाला. "कालच्या बोटीनं आले. साहेब म्हणाले ठेव. मी बाईंच्या टेबलावर ठेवले. दुसरीकडं कुठं ठेवायचे?"

नानाने टेबलाचे खण पाहिले. शेवटच्या प्रकरणाचं काही नव्हतं. नसणारच, हे त्याला माहीत होतं. एकदा जेवताना बकुळा म्हणाली होती, "शेवटचं आपल्यावर लिहिणार. आपण शेजारी म्हणून कसे आहोत. सुरुवात आमच्या गावापासून करणार. आमची वस्ती गावाच्या शेजारी होती, गावात नव्हती. शेजार म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही."

"मग लिही की," नाना म्हणाला होता.

"आधी बाकीचे नीट होऊ देत. स्वतःबद्दल शेवटी लिहावं माणसानं. भाजी वाढू?"

संचालकांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांचे डोळे लाल होते.

"तांबे, मी एक सुचवतो. राग मानू नका. शेवटचं प्रकरण मी लिहितो. माझं नाव घालू नका हवं तर. पुस्तक पुरं झालं पाहिजे. त्या इतकी वर्षं माझ्यासाठी लिहीत होत्या. मी एवढं करू शकतो."

"कशावर लिहाल साहेब?"

"आपल्या धोरणावर. तटस्थता, आशियातलं सहकार्य, पंचशील. त्यांच्या सगळ्या अभ्यासाचा समारोप होईल असं."

नानाला ते वाईट वाटलं नाही. साहेब मनापासून बोलत होते, आणि ते लिहितील ते बरोबरच असेल. पण ते गावापासून सुरुवात करणार नव्हते.

"विचार करून सांगतो," नाना म्हणाला.

*

त्या रविवारी त्याने सगळी प्रुफं घरी आणली आणि गॅलरीत उजेडात बसला. साहेबांना काय सांगायचं हे ठरवण्याआधी एकदा वाचायला पाहिजे होतं.

पहिल्यांदाच तो बायकोचं लिहिलेलं सरळ वाचत होता. सुरुवातीला नजर जुळारी माणसासारखी चुकाच काढत होती, इथे खिळा झिजलाय, इथे ओळ ढिली आहे. मग ते थांबलं. तिचा आवाज ऐकू यायला लागला. तांदळातले खडे आले, बुधाजी नाव न घेता आले. काठमांडूच्या बाजारात मीठ महाग झालं की दिल्लीवरचा राग कसा वाढतो ते आलं. कोलंबोच्या मळ्यांतल्या तमिळ बायकांना देश कुठला, हे कुणीच सांगेना, ते आलं. नाना मधूनमधून हसत होता. चंपा भांडी घासता घासता त्याच्याकडे बघत होती.

ब्रह्मदेशाच्या प्रकरणाच्या शेवटी रामजींची वाट आली. ते पान त्याने आठव्या दिवशी पुरं केलेलं.

वाटेत रामजींचा एक सोबती तापाने गेला. गाव ब्रह्मी होतं. त्या दिवसांत हिंदी माणसाला पाणी द्यायलाही लोक घाबरत होते. गावकऱ्यांनी मढं उचलायला मदत केली नाही. रामजींनी एकट्यानेच त्याला पुरलं आणि पायाला सूज म्हणून गावाबाहेर पडून राहिले. त्यानंतर बकुळाने लिहिलं होतं: 'आणि त्या गावाने सातव्या दिवशी त्याच्या नावाने भिक्षूंना बोलावून जेवण दिले. त्यांच्यात मृताचे पुण्य वाटून घेण्याची ही रीत आहे, भांड्यातून पाण्याची धार सोडून ते पुण्य सर्वांना देतात. ज्याला त्यांनी जिवंतपणी घरात घेतले नसते, त्याचाही सातवा दिवस त्यांनी चुकवला नाही. माझे वडील म्हणत, त्या गावाला काय म्हणावे ते मला आजही कळलेले नाही. परराष्ट्रांचा अभ्यास करताना मला वाटते, शेजार हा असाच असतो. तो पुरता वैरी नसतो आणि पुरता आपलाही नसतो.'

नानाने पुन्हा वाचलं. मग त्याने ओळ कुठे तुटली होती ते आठवून पाहिलं. त्याला आठवावं लागलंच नाही. हाताला ठाऊक होतं. भिवा दारात आला तेव्हा स्टिकमध्ये 'आणि त्या गावाने सातव्या दिवशी' एवढं जुळलेलं होतं. त्यावर अंगठा ठेवून तो इस्पितळात गेला होता. तीच ओळ सात दिवस त्याच्या फळीवर होती, आणि खाली माणसं बसून विचारत होती, काय करायचं ते सांगा.

"काय झालं ओ भावोजी?" चंपा हातातली राख तशीच घेऊन जवळ आली.

नानाने तिला वाचून दाखवलं. चंपा खाली बसली.

"म्हंजे बकुळानं सांगून ठेवलं व्हतं."

"हो."

"मग आता घालूया की जेवण. बुधाजीतात्यांना सांगते. रेशनचा तांदूळ हाय घरात."

"दिवस गेला, चंपाबाई."

"दिवस गेला तर गेला. तिला काय..." तिने पदराने डोळे पुसले आणि राख गालाला लागली.

जेवण झालं नाही. बुधाजी म्हणाले, पुढल्या माणसाच्या वेळेला ध्यानात ठेवू.

*

नानाने एकदा प्रयत्न केला. छापखाना सुटल्यावर तो केसपुढे उभा राहिला. बकुळा जेवताना जे बोलली होती ते त्याला शब्दाला शब्द आठवत होतं. त्याने तेवढं जुळवलं, 'आमची वस्ती गावाच्या शेजारी होती, गावात नव्हती.' मग हात थांबला. पुढ्यात लिहिलेलं पान नसलं की बोटांना कुठल्या घराकडे जायचं ते कळत नाही. पुढचं ती काय लिहिणार होती? त्याच्याही गावी वस्ती बाहेरच होती. पण तो तिथून रंगूनला पोचू शकत नव्हता. ती पोचली असती. त्याने ती ओळ सोडली, खिळे ज्याच्या त्याच्या घरात टाकले.

संचालकांना त्याने नाही सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

"तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण पुस्तक अर्धवट दिसेल, तांबे."

"अर्धवटच आहे साहेब."

अण्णांनी मतदान होईपर्यंत कसंबसं निभावलं. शेजारच्या छापखान्यातून खिळे उसने आणले, दोन रात्री स्वतः केसवर उभे राहिले. पण मतदान झालं की त्यांना मॅटर मोकळं हवं होतं आणि नानाने शब्द दिला होता. मार्चच्या सुरुवातीला निकाल यायला लागले. समिती मुंबईत जोरात होती, गिरगावात गुलाल होता, छापखान्याच्या दारावरून ढोल जात होते. अण्णांनी पेढे वाटले. नानाच्या हातावरही एक ठेवला. नानाने तो केसच्या कडेला वर्तमानपत्रावर ठेवला.

पेढ्याखालच्या वर्तमानपत्रात निकालांच्या गर्दीत, खालच्या कोपऱ्यात, चार ओळींची बातमी होती. ब्रह्मदेशाचे पंतप्रधान, जे वर्षासाठी बाजूला झाले होते, ते परत गादीवर आले.

नाना उठला आणि दगडी टेबलावर बांधून ठेवलेल्या मॅटरपाशी गेला. ती तीन पानं. त्याने चिमटा घेतला. जूनमध्ये बदललेली ओळ त्याने बरोबर शोधली. ही आता चुकीची होती. बकुळाला सांगायला हवं होतं. दुपारी भिवाबरोबर चिठ्ठी आली असती, थांबा, तिकडं बदललं.

चिमटा ओळीवर धरून तो बराच वेळ उभा होता. नुसतं नाव बदलून भागलं नसतं. ते परत का आले, त्याने तांदळाचं काय होईल, यावर तिचं मत बदललं असतं की नाही, हे फक्त तिला माहीत होतं. ती गेली त्या दिवशी ब्रह्मदेश जिथे होता तिथेच पुस्तकात तो राहणार होता.

त्याने चिमटा खाली ठेवला.

"अण्णा, शेवटचा फर्मा बांधतो. उद्या मशीनवर घ्या."

"फर्मा भरत नाही ना? सहा पानं रिकामी उरतात."

"पुरवतो."

त्याने उरलेल्या पानांतल्या पहिल्यावर मोठ्या खिळ्यांत प्रकरणाचं नाव जुळवलं. 'आपण शेजारी.' खाली काही नाही. पुढच्या पाच पानांवरही काही नाही. मग तो लाकडी ठोकळे आणायला गेला. छापखान्याबाहेरच्या माणसाला वाटतं, कोरं पान म्हणजे काही करायचं नसतं. पण चौकटीत जागा रिकामी सोडली तर बाजूची पानं ढासळतात. कोऱ्या पानाची जागाही ठोकळ्यांनी मापात भरावी लागते आणि इतर पानांइतकीच घट्ट आवळावी लागते. फक्त ठोकळे अक्षरांहून बुटके असतात, म्हणून त्यांना शाई लागत नाही.

अण्णा शेजारी येऊन उभे राहिले.

"लोक म्हणतील, छापायला विसरले."

"म्हणू देत."

"निदान खाली एक ओळ घाल. लेखिका निवर्तल्यामुळे, वगैरे."

"ती कोण लिहिणार अण्णा? तिच्या हातची कॉपी नाही."

अण्णांनी एक ठोकळा उचलून त्याच्या हातात दिला. मग दुसरा दिला. दोघांनी मिळून ती सहा पानं भरली. नानाने चावी फिरवून चौकट आवळली, एक कोपरा उचलून हलवून पाहिली. एकही खिळा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी फर्मा छापला गेला. त्यानंतर दोन दिवस नाना मॅटर सोडत होता. रंगूनचे, शिवडीचे, सातव्या दिवसाचे खिळे आपापल्या घरात परत गेले आणि त्यांतून दुसरी पत्रकं जुळायला लागली. दुपारच्या सुट्टीत त्याचा हात एकदोनदा पुढे झाला. भिवा आता गिरगावात येत नाही.

पुस्तक बांधून झालं. एक प्रत बुधाजींकडे आहे, एक चंपाकडे, एक संस्थेत बकुळाच्या टेबलावर, रंगूनच्या गठ्ठ्यांशेजारी. शेजारच्या राज्यांवरची प्रकरणं छापून झाली. आपल्यावरचं लिहायचं राहिलं आहे.